पडतानाचा हात

"आमचे हेसुद्धा होते या मालिकेत!" भर सभागृहात उभं राहून बायकोने सांगितलं, आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हाताऱ्या नटाला झालं.

अंतराळातल्या फौजेची ती मालिका वीस-पंचवीस वर्षं चालली होती. बंद पडून जमाना लोटला, तरी तिचे चाहते दरवर्षी फौजेचे गणवेश चढवून असे जमायचे. मंचावरच्या निवेदकाने कौतुकाने विचारलं, "कोणती भूमिका होती, आजोबा?"

"मरायचे," उत्तर बायकोनेच दिलं. "दर भागात."

हशा पिकला. पण होतं ते खरंच. कधी आपल्या बाजूने मरायचा, कधी शत्रूच्या; तोंड मात्र कायम हेल्मेटमध्ये झाकलेलं. नातेवाईक टीव्हीला नाक लावून बसायचे, कुणालाच तो कधी सापडला नाही. "यातले तुमचे हे कोणते?" या प्रश्नाने बायकोला आयुष्यभर पिडलं होतं. आज ती हट्टालाच पेटली होती.

"दाखवा ना पडून," ती म्हणाली.

तिच्या शब्दाबाहेर तो कधी गेला नव्हता. कुरकुरत्या गुडघ्यांनी मंचावर चढला. गोळी लागल्यासारखा थबकला, अर्धा वळला, उजवा हात डोक्यावर गेला, आणि डाव्या खांद्यावर कोसळला.

ना टाळी, ना हसू. चांगलीच शोभा झाली, असं समजून त्याने एक डोळा किलकिला केला. अख्खं सभागृह उभं होतं. प्रत्येकाचा उजवा हात डोक्यावर होता.

"ही आमची शेवटची सलामी," निवेदक म्हणाला. "आमच्यातलं कुणी गेलं की अशीच देतो. ती ज्याच्याकडून उचलली, तो दर भागात असा पडणारा जवान कोण, हे मात्र आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं."

पहिल्या रांगेतली एक बाई पुढे आली. "काका, माझा मुलगा खऱ्या फौजेत होता. ही मालिका बघतच वाढला. त्याला निरोप देताना त्याच्या सोबत्यांनी असाच हात डोक्यावर ठेवला होता. एवढंच सांगा, पडताना तुमचा हात डोक्याकडे का जायचा?"

खरं कारण अगदीच साधं होतं. हेल्मेट एक माप मोठं होतं. दाबून धरलं नाही तर ते घरंगळत जायचं, आणि दिग्दर्शक शिव्या घालून त्याला पुन्हा मरायला लावायचा. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला बायकोने हा किस्सा पोट धरून हसत ऐकवला होता. त्यात तिचं तोंड फटकळ. कुणाची भीडभाड न ठेवता खरं तेच बोलायची. त्याने जीव मुठीत धरून तिच्याकडे पाहिलं.

बायकोने त्या आईचा हात हातात घेतला.

"घरच्यांचा निरोप घ्यायचे हो ते," ती म्हणाली. "दर वेळी."