रविवारची नावं

शवपेटी ओसरीवर ठेवून जवान मागे सरले, तेव्हा म्हातारे शेषेराव पेटीकडे न जाता सरळ जवानांकडेच आले. एकेकाच्या छातीवरची नावाची पट्टी त्यांनी डोळे बारीक करून पाहिली, पण अक्षरं इंग्रजी होती. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्यात शांतवन कोन हाय?"

हवालदार शांतवन एक पाऊल पुढे आला. तो उदगीरकडचा. नायगावजवळच्या या गावात जन्मात पहिल्यांदा आला होता. "मी, बाबा."

म्हाताऱ्याने त्याचा हात आपल्या हातात धरला. "बरं हाय का आता तुझं?"

पेटीत त्यांचा एकुलता एक मुलगा होता. शमुवेल, पलटणीचा पाद्री. शुक्रवारी पहाटे बुटाची नाडी बांधता बांधता हृदय बंद पडलं. वय एक्केचाळीस. आणि बाप विचारत होता दुसऱ्याचीच खुशाली.

"दर रविवारी सांजच्याला फोन यायचा त्याचा," शेषेराव म्हणाले. "निस्ती नावं सांगायचा. बाबा, ह्याच्यासाठी देवापाशी मागा, त्याच्यासाठी मागा. तुझं नाव तर चार महिने झाले घेऊन राहिलो मी. काय झालं ते त्यानं सांगितलं न्हाई, अन् म्या इचारलं न्हाई."

"बरं आहे, बाबा," शांतवन म्हणाला. बरं काहीच नव्हतं.

पलटणीतला रिवाजच होता तो. रविवारची उपासना संपत आली की पाद्रीसाहेब विचारायचे, "कुणाकुणासाठी मागायचं?" मग पंधरा-सोळा ख्रिस्ती जवान सुरू व्हायचे. कुणाच्या आईचा मोतीबिंदू, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची अडकलेली रजा. एकाने तर म्हशीसाठी मागून घेतलं होतं आणि पाद्रीसाहेबांनी न हसता म्हशीचं नाव विचारलं होतं. आमेन झालं की सगळे नाश्त्याला पळायचे. पाद्रीसाहेबांसाठी मागायचं कधी कुणाच्या ध्यानीमनी आलं नाही. डॉक्टरला कोण विचारतं, तुम्हाला ताप आहे का म्हणून?

शांतवन तर गुरुवारी संध्याकाळीही त्यांच्या खोलीत जाऊन बसला होता. बायको माहेराहून परत यायला तयार नव्हती, त्याचं गाऱ्हाणं. चांगला तासभर. पाद्रीसाहेब ऐकत होते आणि डावा दंड चोळत होते. मध्येच म्हणाले, "शांतवन, जरा पाणी दे रे." त्याने पाणी दिलं आणि पुढे बोलत राहिला. एवढ्या थंडीत त्यांच्या कपाळावर घाम होता. तो शांतवनने पाहिला होता. पाहूनही गप्प राहिला, कारण मेव्हणा काय काय बोलला ते सांगायचं अजून बाकी होतं.

चर्चची घंटा वाजली. पेटी उचलली गेली. शेषेरावांनी शांतवनचा हात काही सोडला नाही. सोयाबीनच्या रानाकडेने सगळे कबरस्तानात पोचले. सलामी झाली, गोळ्यांच्या आवाजाने बाभळीवरचे पक्षी उडाले. गावच्या चर्चचे पाळक पुस्तकाचं पान शोधू लागले, तेवढ्यात म्हातारा हळूच म्हणाला, "एक इचारू, लेकरा? तिकडं त्याच्यासाठी कोन मागायचं?"

पोराच्या खड्ड्याशी उभ्या असलेल्या बापाला खरं कसं सांगणार?

"सगळेच मागायचो, बाबा. दर रविवारी."

म्हाताऱ्याचा चेहरा सैल झाला. डोळ्यांत पाणी आलं. "मंग लई बरं झालं. त्याची माय गेल्यापासून मला तेवढाच घोर व्हता. सगळ्याचं ऐकून घेतंय लेकरू, ह्याचं कोन ऐकत आसंल?" त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "काय मागायचे त्याच्यासाठी?"

पाद्रीसाहेबांना काय हवं होतं, कशाची भीती होती, रात्री झोप लागत होती का, यातलं शांतवनला काहीएक ठाऊक नव्हतं. जे पहिलं तोंडात आलं ते तो बोलून गेला.

"तब्येतीसाठी."

"म्हंजे तुमाला म्हाईत व्हतं," शेषेराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "मला तर तो म्हनायचा, मी ठनठनीत हाय."

शांतवनच्या डोळ्यांपुढे तो दंड चोळणारा हात आला. 'नाही, बाबा, मी खोटं बोललो' एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हणावं तर तेही आता पुरतं खरं नव्हतं.

पाळकांनी माती द्यायला हाक मारली. शेषेरावांनी हात सोडला. उकरलेल्या ढेकळांत त्यांचा पाय अडखळला, तसा शांतवन सावरायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे. जाईन मी."

ते एकटेच कडेपर्यंत गेले. वाकून मूठभर माती घेतली, टाकली, पण मागे फिरले नाहीत. तिथेच डोळे मिटून त्यांचे ओठ हलू लागले. मुलासाठी मागत असतील असं सगळ्यांना वाटलं. जवळ उभ्या शांतवनला मात्र ऐकू येत होतं. आज रविवार होता आणि म्हातारा नेहमीची नावं घेत होता.

तिसरं नाव शांतवनचं होतं.