गिटारचा स्पंज

एसीच्या कोरड्या हवेने लाकूड तडकतं, असं दुरुस्तीवाल्याने सांगितल्यापासून ह्यांच्या गिटारच्या पेटीत मी रोज ओला स्पंज ठेवायचे.

"बाबा जाऊन सहा वर्षं झाली, आणि तुम्ही गिटारला पाणी पाजताय," सूनबाई, सीमा, हसायची.

ऐन मे महिन्यात न्यूमोनियाने मला पंधरा दिवस हॉस्पिटलात ठेवलं. घरी येताच मी पेटी उघडली. स्पंज सुकून खडखडीत झाला होता, पण गिटारला साधी चीरही नव्हती.

"स्पंज किती ओला करायचा ते कळेना," सीमा म्हणाली. "लाकूड कुजलं असतं तर तुम्ही मला सोडलं असतंत? म्हणून एसीच लावला नाही."

तिच्या मानेपासून पाठीपर्यंत घामोळं उठलं होतं. मी चंदन उगाळायला घेतलं.