चौथी बाजू

गोधडी मधोमध कापलेली होती. फोरमन दारातच थबकला. डब्याची पिशवी खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

कित्येक दिवस बायको ही गोधडी शिवत होती. मोठ्या पलंगाची, दोघांना ऐसपैस पुरेल अशी. तिची गुंडाळी घरच्या मशीनच्या कमानीखाली कोंबताना ती घामाघूम व्हायची. आता एक अर्धी खुर्चीवर घडी घालून ठेवली होती आणि दुसरी मशीनवर होती.

फोरमनच्या काळजात चर्र झालं. दुसऱ्या गावच्या कारखान्यात जायला त्याने बायकोला न विचारताच होकार दिला होता. माणसांना इकडून तिकडे हलवायची सवय, ती त्याने घरातही चालवली. बायको एवढंच म्हणाली होती, की तुम्ही जा, मी इथेच बरी. तेव्हापासून घरातलं बोलणं मीठ द्या आणि दार लावा यापुढे जात नव्हतं. रविवारी तो एकटाच निघणार होता. ती आपण होऊन येते म्हणेल, अशी त्याला आशा होती. विचारायला मात्र जीभ रेटत नव्हती.

आज रेटली.

"तुला न विचारता हो म्हणालो, ते चुकलंच माझं," तो म्हणाला. "उद्या जाऊन 'नाही येत' म्हणून सांगतो. पण असे दोन तुकडे नको गं करूस."

मशीन थांबलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या कापडाकडे.

"अहो, एवढी मोठी गोधडी या मशीनमध्ये मावते का कधी?" ती म्हणाली. "अर्धी-अर्धी शिवायची आणि मग जोडायची. कारखान्याचं नंतर बघू, आधी मला विचारा तरी. बसा आता समोर, गोधडीचं वजन धरायला."

फोरमनचा जीव भांड्यात पडला. आपल्या खुळेपणाचं त्याला हसू आलं. कारखान्यात हुकूम सोडणारा हा गडी निमूटपणे हात धुऊन आला आणि समोर बसला.

जोडायला सोपं जावं म्हणून त्याने खुर्चीवरची अर्धी उलगडली आणि कापलेली कड शोधू लागला. ती काही सापडेना. चारही बाजूंना गोट लावून झाला होता, कोपरे नीट दुमडून. जोडायची कड अशी कोणी बंद करत नाही, एवढं त्यालाही कळत होतं. ही गोधडी पुरी झाली होती, एकाच माणसापुरती.

त्याने मान वर केली. बायको खाली बघून आपल्या अर्ध्या गोधडीचा गोट उसवत होती.

फोरमनला भरून आलं. एवढे उपकार आजवर त्याच्यावर कोणी केले नव्हते. त्याने काही विचारलं नाही. टेबलावरची छोटी कात्री उचलली आणि आपल्या अर्ध्या गोधडीची चौथी बाजू तो टाका-टाका उसवू लागला.