दार उघडाल का?

"आणि दारावर थाप पडते." शकुंतलाबाईंनी पुस्तक मिटलं. "पुढचं उद्या. त्या म्हातारीच्या जागी तुम्ही असतात, तर दार उघडलं असतं का? पाच ओळी लिहा. जर्मनमध्येच. आणि खरं लिहा."

सुरतेतला ब्याण्णवचा डिसेंबर. दुपारी चार तास संचारबंदी उठली, तेवढ्यात पराग सरांनी आपल्या क्लासमध्ये जर्मनचा वर्ग भरवला होता. जानेवारीत परीक्षा, फिया घेतलेल्या, करतात काय! बाविसांतले नऊ जण आले. गोष्ट जर्मनीतली, लढाईच्या दिवसांतली. वेगळ्या धर्माची एक बाई जीव वाचवायला शेजारणीचं दार ठोठावते. परक्यांची भाषा शिकायची तर त्यांची भीतीही समजायला हवी, असं शकुंतलाबाई नेहमी सांगायच्या.

आज त्यांचीच पाचावर धारण बसली होती. सकाळी सोसायटीतली चार पोरं वही घेऊन घरोघर कोण कुठल्या धर्माचं, याची चौकशी करत फिरली. नवरा, जयंत, बँकेच्या कामासाठी बडोद्याला गेला तो तिकडेच अडकला. फोन लागेना.

कागद आले. आठ जणांनी दार उघडलं होतं. कागदावर उघडायला काय जातंय! ऋचाने तर आपली खोली, रजई, गरम दूध, सगळं देऊन टाकलं होतं.

शकुंतलाबाई तिच्या बाकाशी गेल्या. "ऋचा, खरंच उघडशील? एक बाई आहे. दोन दिवस लपवायचंय."

ऋचा हसली, मग तिचं हसू मावळलं. "बाई, ते गोष्टीत ना! पप्पा जीवच घेतील माझा."

पराग सर दारात उभे होते. "कोण बाई? त्यांच्यातली?"

"हो."

"मॅडम, नसतं लचांड गळ्यात घेऊ नका. आपण आपलं बघावं. तुम्हाला काही झालं, तर आम्ही आहोतच की सगळे."

बाईंनी मान हलवली. मग उरलेला कागद उचलला.

नववा कागद रंजनाचा. ती गोडादऱ्याच्या कामगारवस्तीतली, बाप कापडाच्या लूमवर, ही जर्मन यंत्रांच्या एजंटाकडे टायपिस्ट. तिने लिहिलं होतं: 'नाही. आमची एकच खोली. मागे दार नाही. शेजारी खोकला ऐकू जातो. तिला दिवसभर खाटेखाली पडून राहावं लागेल. पीठ जास्त आणलं तर दुकानदार विचारेल, पाहुणे कोण? मला भीती वाटते.'

बाईंनी तो कागद दोनदा वाचला. एवढा विचार केलेली ही एकटीच पोरगी होती. वर्ग सुटला तशा त्या तिच्यामागोमाग जिना उतरल्या.

"रंजना, तुझ्या घरी एका बाईला ठेवशील?"

रंजना जिन्यातच थबकली. "मी तर 'नाही' असं लिहिलंय, बाई."

"म्हणूनच विचारते."

रंजनाने ओठ चावला. "मायला विचारते. चला."

रिक्षा मिळेना. दोघी चालत निघाल्या. जळक्या टायरांचा वास अजून गेला नव्हता. नाक्यावर पोलिसाने काठी आपटली, "जल्दी घर जाओ!" रंजनाने बाईंचा हात धरला. संचारबंदीला वीस मिनिटं उरली असताना त्या खोलीशी पोचल्या.

रंजनाची आई, खानदेशातून आलेली धुरपदाबाई, चुलीशी होती. रंजनाने तिच्या कानात सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. तिने खाटेकडे पाहिलं, पिठाच्या डब्याकडे पाहिलं.

"मन्हा जीव घाबरस वं माय," ती म्हणाली. मग पदर खोचून उठली. "पन बाईमाणूस शे. दोन दिन ऱ्हाऊ दे." तिने दाराबाहेर डोकावलं. गल्लीत कोणीच नव्हतं. "कोठे शे ती बाई?"

शकुंतलाबाईंनी पुढे होऊन दार लोटलं आणि आतून कडी घातली.

"शकुंतला हे लग्नात ठेवलेलं नाव, मावशी," त्या म्हणाल्या. "माहेरी मला शमीम म्हणायचे."