पहिलं पाणी

नाबल गावातल्या, फुलांचा अर्क काढणाऱ्या त्या कारखान्यात पाऊल टाकलं आणि आपण कशाला आलोय तेच नौफल विसरला. अंगणभर चादरींवर नारंगीची फुलं पसरलेली, आणि वाफेत भिंती, माणसं, मांजर सगळंच तरंगत असल्यासारखं.

मग आठवलं. विद्यापीठातलं ज्ञान छोट्या धंद्यांपर्यंत पोचवायची सरकारी योजना चालू ठेवायची की गुंडाळायची, हे त्याच्या शब्दावर ठरणार होतं.

कोपऱ्यात विद्यापीठाचं अर्क काढायचं स्टीलचं यंत्र थंडगार उभं होतं. ते बसवायला आलेली संशोधक अर्वा मात्र काजळलेल्या तोंडाने, तांब्याच्या जुन्या भांड्याखाली लाकडं सारत होती.

"यंत्र बंद?" नौफलने विचारलं.

"अहो, गेला हंगामभर तेच चाललं," मालक हाजी तिजानी घाईघाईने म्हणाले. "पण आज यंदाचं पहिलं फूलपाणी. ते आमच्याकडे आईच्या भांड्यातच उतरतं. उद्या या की!"

"उद्या मी दुसऱ्या गावात. आज दिसेल तेच सांगणार."

हाजींचा चेहरा पडला. "अर्वा, ऊठ पोरी, लाव ते यंत्र. आई घेईल समजून. योजना बुडाली तर तुझी नोकरी जाईल!"

अर्वा जागची हलली नाही. "शू! थेंब येतोय, हाजी."

"ऐकलंत?" हाजी नौफलच्या कानाशी कुजबुजले. "आली तेव्हा हीच म्हणाली होती, काका, हे भांडं भंगारात घाला!"

सगळे भांड्याच्या नळीकडे वाकले. नौफलला अर्वाचा राग आला, आणि हेवाही वाटला. नळीच्या टोकाशी थेंब फुगला, रेंगाळला, पडला. थोडं पाणी साचल्यावर अर्वाने ते पाहुण्याच्या तळहातावर ओतलं. तो मान त्या घरात पाहुण्याचाच होता.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी खात्याच्या बाईंचा फोन आला.

"यंत्र चालू होतं?"

"नाही."

"विद्यापीठाची बाई काय करत होती?"

"चूल फुंकत होती."

"म्हणजे ज्ञान काही पोचलं नाही. बंद करू या ना मग?"

नौफलने गाडी कडेला घेतली. तळहात नाकाशी नेला आणि क्षणभर डोळे मिटले.

"पोचलंय, बाई. चालू ठेवा," तो म्हणाला. "फक्त कुणाकडून कुणाकडे, तेवढं विचारू नका."