आत्याची सही

जुन्या काळच्या बायकांनी हक्कांसाठी लिहिताना पुरुषांची मनं कशी वळवली, हे दिशा कॉलेजात शिकवायची. कासार आंबोलीची जमीन विकायला निघाली, तेव्हा वडिलांनी तिलाच गळ घातली, "तुजी आत्या हक्कसोडपत्रावर सही करंना. तूच समजाव."

दिशाने आत्याचा हात हातात घेतला, तिच्या माहेरपणाच्या आठवणी काढल्या आणि शेवटी हळूच विचारलं, "आत्या, माहेर मोठं की वाटा?"

आत्याला भरून आलं. तिने सही केली आणि डोळे पुसत म्हणाली, "भावाचं मी न्हाई ऐकलं. पर तू बायांच्या बाजूनं बोलणारी. तू सांगतीस, म्हंजी त्यात माजं भलंच असंल."

दिशाला तिच्याकडे बघवेना.