शून्य पाळ्यांचं पाणी

"मी उद्या गावाला जातो, औंधला," सयाजी म्हणाला. "आबा म्हनत्यात, फौजेची भरती निघालीय. हितं आता काय ऱ्हायलंय?"

खणभागातल्या आपल्या घराच्या ओसरीवर पुण्याहून आलेला लांबलचक कागद पसरून जैनुद्दीन त्यावर बोट फिरवत होता.

दोघं सांगलीत इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला. कॉम्प्युटर तेव्हा पुण्यात. प्रोग्रॅमच्या भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा घेऊन एसटीनं जायचं, निकाल घेऊन यायचं, आणि चुकलं की पुन्हा एसटी. सयाजीचा प्रकल्प कृष्णेच्या पाण्याचा होता: हंगामात कुठल्या शेताला किती पाळ्या, किती पाणी. सरांचा जुना प्रोग्रॅम अल्गोल भाषेत होता आणि पुण्याच्या मशीनला फक्त फोरट्रान कळायची. म्हणून त्यानं तो ओळ न् ओळ फोरट्रानमध्ये उतरवला होता. तरी ज्या शेतांना एकही पाळी मिळाली नव्हती, त्यांच्यापुढं मशीन इमानेइतबारे एका पाळीचं पाणी छापत होतं. पुढच्या आठवड्यात परीक्षक यायचे होते. असला कागद बघून ते पास करणार नाहीत, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"घावलं," जैनुद्दीन म्हणाला. त्याच्या मांडीवर लायब्ररीतलं पुस्तक होतं, फोरट्रानचं स्टँडर्ड, म्हणजे त्या भाषेचे कायदे. "अल्गोलचा कायदा सरळ हाय. एका पाळीला हिशोबाचा एक फेरा. फेरा सुरू करायच्या आधी बघा, करायचा हाय का. न्हाई तर आत पाऊल टाकू नका. फोरट्रानचा कायदा म्हनतो, शून्य घिऊन येऊच नका."

"आन् आलं तर?"

"त्यावर कायदा गप हाय. मग ज्या त्या मशीनची मर्जी. पुण्याचं मशीन आधी एकदा काम करतं, मग बघतं."

"आसं कुटं आस्तंय व्हय?"

"तुझी पुण्याची आत्या अल्गोल. दारातच इचारती, जेवून आलास का? त्यात तिचं काय चुकत न्हाई, अन्न वाया जात न्हाई. आन् आमची अम्मा फोरट्रान. पोट भरलंय म्हनलं तरी पयली भाकरी ताटात पडती, मग इचारती, वाढू का? दोन्ही घरं चांगली रं. तू एका घरची रीत दुसऱ्या घरात नेलीस, येवडंच."

सयाजी कितीतरी दिवसांनी हसला. कागदाच्या मागं त्यानं एक ओळ लिहिली: पाळ्या शून्य असतील तर हा भाग सोडून पुढं जा. एक कार्ड वाढणार होतं, बस्स. संध्याकाळची गाडी गाठली तर परीक्षक यायच्या आत नवा निकाल हातात.

"गड्या," तो म्हणाला. चार वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाचे आभार कसे मानतात, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"पळ आता," जैनुद्दीन म्हणाला. सयाजीनं चपला पायात सरकवल्या.

स्वयंपाकघराच्या दारात जैनुद्दीनची आई, अख्तरबी, ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यातलं कळलं होतं ते एवढंच, की न विचारता वाढल्यामुळं या पोराचं वर्ष बुडायची वेळ आली होती. त्या ताट घेऊन आत वळल्या. मग पुन्हा दारात आल्या आणि अवघडून म्हणाल्या, "सयाजी, जेवनार का रं बाळा?"

औंधहून सांगलीला आल्यापासून या घरात हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. खानावळ बंद असलेल्या रविवारी नाही, ईदला नाही, तापानं फणफणला होता तेव्हाही नाही. सयाजीनं चपला काढल्या आणि खाली मांडी घातली.

"तुमी नका इचारू, मावशी," तो म्हणाला. "तुमी वाढा."